उभ्या गाडीत उंदरांचं घर: वारजेकरांनी काय करावं आणि कोणत्या ॲपच्या नादी लागू नये

दिवाळीला गावाला गेलात, दहा-बारा दिवसांनी वारजेला परत आलात, गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर पिवळा इंजिन लाइट लागला. कधी एसी लावल्यावर कुबट वास येतो, कधी हॉर्न वाजत नाही, कधी स्टार्टर नुसता टक-टक करतो. बॉनेट उघडलं की कापूस, प्लास्टिकचे तुकडे, सुकी पानं आणि काळ्या लेंड्या दिसतात. तुम्ही नसताना गाडीत कुणीतरी बिऱ्हाड केलेलं असतं.

मग आपण काय करतो? फोन काढतो आणि ‘उंदीर पळवणारं ॲप’ शोधतो. या लेखात आपण पाहू की ते ॲप का चालत नाही, प्राणी उभ्या गाडीत का येतात, नेमकं काय नुकसान होतं, कोणते उपाय खरे आहेत आणि तुमच्या हातातल्या फोनचा खरा उपयोग कुठे होतो.

प्राणी गाडीत का येतात?

वारजेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या बाजूला टेकड्या आणि वनविभागाच्या जागेवरचं नागरी वनउद्यान, मधून मुंबई-बंगळुरू हायवे आणि त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्या. म्हणजे झाडी, पाणी, ओला कचरा आणि बंद पार्किंग हे सगळं जवळजवळ. उंदीर, घूस, खार यांना आणखी काय हवं?

पावसाळ्यात भर पडते. घूस नदीकाठच्या आणि मोकळ्या प्लॉटच्या मातीत बीळ करते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मोठा विसर्ग झाला आणि नदीपलीकडे सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, हे तुम्हाला आठवत असेल. अशा वेळी काठावरच्या बिळांतही पाणी भरतं आणि त्यातले प्राणी कोरडी जागा शोधत वर येतात. थंडीत नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाची ऊब त्यांना खेचते.

उंदराच्या दृष्टीने बॉनेटखालची जागा कशी आहे बघा: वरून झाकलेली, खालून उघडी, मांजर किंवा घुबड पोचणार नाही अशी, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला घरट्यासाठी तयार मऊ अस्तर. घराच्या लहान उंदराला साधारण ६ मिमीचं भोक पुरतं, म्हणजे पेन्सिल जाईल तेवढं. मोठ्या उंदराला १२ मिमी पुरतं. गाडीच्या खालच्या बाजूला अशा जागा भरपूर असतात.

आणि वायरच का कुरतडतात? उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. वायरचं प्लास्टिक त्याच्या दातांसाठी बरोबर मापाचं असतं. ‘हल्ली वायरच्या आवरणात सोयाबीन असतं म्हणून उंदीर खातात’ असं तुम्ही वाचलं असेल. यावरून अमेरिकेत गाडी कंपन्यांविरुद्ध खटलेही झाले. पण सोयाबीनचं आवरण येण्याच्या कितीतरी आधीपासून उंदीर साध्या पीव्हीसीच्या वायरी कुरतडत आलेले आहेत. त्यामुळे ‘माझी गाडी जुनी आहे, मला काळजी नाही’ असं समजू नका.

तीन आठवड्यांचं गणित

हे गणित लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर उभे आहेत. उंदीर एक-दोन रात्रींत घरटं करू शकतो. त्याच्या मादीला पिल्लं व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे तीन-चार दिवसांनी तुम्ही बॉनेट उघडलं तर थोडा कचरा सापडेल. महिन्याने उघडलं तर पूर्ण कुटुंब सापडेल.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हा अनुभव अनेकांनी घेतला. गाड्या आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभ्या राहिल्या आणि सुरू करायची वेळ आली तेव्हा वायरिंगचं काम निघालं.

नुकसान नेमकं काय होतं?

आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग यांचे वेगवेगळे छोटे कॉम्प्युटर असतात. ते एकमेकांशी कॅन बस नावाच्या जोडवायरीवरून बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणली. एकमेकींना पीळ दिलेल्या फक्त दोन वायरी, पण त्यातली एक तुटली तर एकाच वेळी तीन-चार लाइट लागू शकतात. म्हणून उंदराने एकच वायर तोडली तरी डॅशबोर्ड दिवाळीसारखा उजळतो.

• सेन्सरची वायर तुटली तर गाडी झटके देते किंवा सुरूच होत नाही.
• चाकाजवळची एबीएसची वायर तुटली तर एबीएस बंद पडतं. साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ शकतं. पावसात हायवेला हा फरक जिवावर बेतू शकतो.
• पेट्रोलचा रबरी पाइप कुरतडला तर गळती आणि आगीचा धोका. पेट्रोलचा वास आला तर चावी फिरवूच नका.
• आवरण सोललेल्या दोन वायरी एकमेकींना टेकल्या तर शॉर्ट सर्किट.
• एअर फिल्टर किंवा केबिन फिल्टरमध्ये घरटं झालं तर हवा अडते आणि एसीतून घाण वास येतो.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर एक नियम पक्का: नारिंगी रंगाच्या जाड केबल हाय व्होल्टेजच्या असतात. त्यांवर दातांचे व्रण दिसले तर हात लावू नका, थेट सर्व्हिस सेंटरला कळवा.

फक्त उंदीर नाही

कुंभारीण माशी ओल्या मातीचं छोटं घर बांधते आणि त्यासाठी तिला बारीक भोक फार आवडतं. उभ्या टू-व्हीलरचा सिलेन्सर किंवा टाकीचा हवा जाण्याचा मार्ग तिला चालतो. ‘माशीने काय होणार?’ असं वाटत असेल तर हे वाचा. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन रिपब्लिकमधून निघालेलं बर्गनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. विमानाचा वेग मोजणारी एक नळी बंद झाली होती. तपासात तिचं सर्वांत संभाव्य कारण मातीचं घर बांधणाऱ्या माशीचं घरटं असं मानलं गेलं. ते विमानही त्याआधी बरेच दिवस जमिनीवर उभं होतं.

कोळीही कमी नाहीत. २०११ मध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेत सुमारे ६५ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण पेट्रोलच्या वाफेच्या नळीत पिवळे कोळी जाळी विणत होते. नळी बंद झाली की टाकीत दाब बिघडतो आणि टाकीला तडा जाऊ शकतो.

आणि साप? तो वायर खायला येत नाही, उंदरामागे येतो. बहुतेकदा धामणीसारखा बिनविषारी असतो, पण नाग किंवा घोणसही असू शकतो. म्हणून उंदीर आवरले की सापाची भीतीही आपोआप कमी होते.

फोनचं ॲप का चालत नाही?

आता मुख्य मुद्दा. ही ॲप सांगतात की फोनमधून अल्ट्रासॉनिक आवाज निघतो आणि उंदीर पळतात. हिशोब करून बघू.

माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. उंदराला साधारण ८० किलोहर्ट्झपर्यंत. फोन आवाज तयार करतो तो सेकंदाला साधारण ४८ हजार नमुने या वेगाने. गणिताचा नियम असा की नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचाच सूर तयार होऊ शकतो, म्हणजे २४ किलोहर्ट्झ. त्यातही फोनचा इवलासा स्पीकर २० च्या आधीच दमतो. ॲपच्या स्क्रीनवर ‘४० किलोहर्ट्झ’ लिहिलेलं असलं तरी स्पीकरमधून तो आवाज बाहेर पडतच नाही. बाहेर पडते ती फक्त जाहिरात.

मग बॅटरीला जोडायचं वेगळं मशिन? त्यातून खरा अल्ट्रासॉनिक आवाज निघू शकतो. पण हा आवाज वस्तूंच्या आड वळत नाही, आणि बॉनेटखाली तर सगळी अडगळच असते. शिवाय काही दिवसांत उंदरांना त्याची सवय होते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्ये अशी उपकरणं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० पेक्षा जास्त कंपन्यांना इशारापत्रं पाठवली होती: दाव्याला शास्त्रीय पुरावा द्या.

तरी ऑनलाइन पाच-पाच स्टार कसे? कारण उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. नवा वास, नवा आवाज, नवा डबा दिसला की काही दिवस तो लांब राहतो. मग ओळख झाली की परत येतो. आपण रिव्ह्यू लिहितो पहिल्या आठवड्यात. तंबाखूची पानं, पुदिन्याचा स्प्रे, मशिन, ॲप, सगळ्यांच्या बाबतीत हेच होतं. कुठलाही उपाय ‘चालला’ म्हणायच्या आधी एक महिना थांबा.

खरे उपाय, महत्त्वाच्या क्रमाने

१. गाडी हलवा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपाय. तीन-चार दिवसांतून एकदा १५-२० मिनिटं फिरवून आणा. बंद पार्किंगमध्ये नुसती सुरू करून ठेवू नका, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. तुम्ही गावाला असाल तर चावी विश्वासू मित्राकडे किंवा शेजारच्या काकांकडे द्या.

२. खाणं काढा. सीटखालचे बिस्किटाचे तुकडे, डिकीतला खाऊ, पक्ष्यांसाठी पार्किंगशेजारी टाकलेले दाणे, रात्रभर उघडा राहणारा ओला कचरा. एकट्याने गाडी स्वच्छ ठेवून भागत नाही, कारण उंदीर सोसायटीचा असतो. हा विषय सोसायटीच्या ग्रुपवर टाका.

३. वाटा बंद करा. ६ मिमी किंवा त्याहून बारीक भोकांची स्टेनलेस स्टीलची जाळी केबिनच्या हवेच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला बसवून घ्या. प्लास्टिकची जाळी उंदीर कुरतडतो. रेडिएटर झाकू नका आणि सायलेन्सरसारख्या गरम भागाजवळ काही बांधू नका. हे काम ओळखीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

४. एसी रीसर्क्युलेशनवर ठेवून गाडी बंद करा. बऱ्याच गाड्यांत यामुळे बाहेरच्या हवेची झडप मिटते. फुकटचा उपाय आहे, सवय लावून घ्या.

५. वायरवर तिखट टेप. होंडा कंपनी मिरचीतलं तिखट द्रव्य असलेली टेप विकते. पूर्ण हमी नाही, पण दुरुस्त केलेल्या वायरवर गुंडाळायला चांगली. लावताना हातमोजे घाला, नंतर डोळे चोळू नका.

६. टू-व्हीलरचा सिलेन्सर बंद करा, पण आठवण ठेवून. लांब सुट्टीला जाताना तोंडात कापडाचा बोळा घाला आणि त्याला लांब लाल फीत बांधा. विमानाच्या झाकणांनाही अशीच लाल फीत असते, काढायचं विसरू नये म्हणून.

७. कव्हर जमिनीपर्यंत सोडू नका. खालपर्यंत लोंबणारं कव्हर म्हणजे उंदरांसाठी तंबू.

हे करू नका

• डांबर गोळ्या बॉनेटमध्ये टाकू नका. त्यांची वाफ पेट घेऊ शकते, एसीतून केबिनमध्ये येते आणि लहान मुलांना त्रास होतो.
• विष ठेवू नका. उंदीर खाऊन गाडीतच कुठेतरी मरतो आणि वास महिनाभर जात नाही. शिवाय तोच उंदीर खाल्ला तर घुबड, मांजर, कुत्रा यांनाही विष भिनतं.
• गोंदाचा ट्रॅप लावू नका. प्राणी तासन्तास तडफडतो, आणि त्यात खार, पाल, पक्षी, सापसुद्धा चिकटतात. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने त्याविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत. पकडायचंच असेल तर साधा पिंजरा, गाडीत नाही तर भिंतीच्या कडेला.

फोनचा खरा उपयोग

पावडर आणि फोटो: रात्री चारही टायरभोवती टाल्कम पावडर किंवा रांगोळीचा पातळ थर द्या. सकाळी पावलं दिसली तर फोटो काढा. कोण येतं, कुठल्या टायरवरून चढतं, हे कळतं.

बॉनेटचा ‘आधीचा’ फोटो: गावाला जाण्याआधी इंजिनचे चार फोटो काढून ठेवा. परत आल्यावर तुलना करा. विम्याच्या क्लेमलाही तारखेसह उपयोगी पडतात.

जुना फोन कॅमेरा: घरात पडलेल्या जुन्या फोनवर हालचाल टिपणारं कॅमेरा ॲप टाका आणि दोन रात्री पार्किंगकडे तोंड करून ठेवा. फोन बॉनेटखाली ठेवू नका. शेजाऱ्यांच्या दाराकडे कॅमेरा वळणार नाही एवढं बघा.

ओबीडी रीडर: स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागणारा ब्लूटूथ रीडर स्वस्तात मिळतो. टॉर्क किंवा कार स्कॅनर अशा ॲपवर गाडीचा एरर कोड दिसतो. यू-०१०० म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला, यू-०१२१ म्हणजे एबीएसशी तुटला, पी-०३३५ म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. उभ्या गाडीत ‘यू’ने सुरू होणारे दोन-तीन कोड एकदम आले तर आधी वायर कुरतडली आहे का बघायला सांगा. नाहीतर गॅरेजवाला चांगला सेन्सर बदलून बिल वाढवेल. कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा.

कॅलेंडर रिमाइंडर: दर बुधवार आणि रविवार, ‘बॉनेट उघडून बघ’. कुठल्याही उंदीर-ॲपपेक्षा हे जास्त चालतं.

घरटं सापडलं तर

आधी मागे सरका आणि आत पिल्लं किंवा साप नाही ना हे टॉर्चने लांबून बघा. खारीची पिल्लं असतील तर ती फेकू नका, मदत मागा. उंदराचं घरटं असेल तर मास्क आणि रबरी हातमोजे घाला, बॉनेट अर्धा तास उघडं ठेवा. कोरडी झाडू किंवा हवेचा फवारा मारू नका. लेंड्यांवर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडा, पाच मिनिटांनी ओल्या टिश्यूने उचला. वायरिंगवर ब्लीच ओतू नका. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. नंतर ताप आला तर डॉक्टरांना गाडी साफ केल्याचं सांगा.

साप दिसला तर गाडी सुरू करू नका, काठी घालू नका, रॉकेल ओतू नका. सगळ्यांना लांब करा, एकाने सुरक्षित अंतरावरून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. ते सर्पमित्र किंवा बचाव पथकाला कळवतात. सापाला मारणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. रील काढायला जवळ जाऊ नका. चावा झालाच तर जखम कापू नका, घट्ट दोरी बांधू नका, १०८ ला फोन करा आणि सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

विमा मिळतो का?

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर नाही. ओन डॅमेज असलेल्या पॉलिसीत मिळू शकतो, पण उंदराच्या नुकसानाबद्दल प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते. आजच पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि ‘रोडंट’ शब्द शोधा. नसेल तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. क्लेमच्या वेळी:

• दुरुस्तीआधी फोटो आणि व्हिडिओ काढा, लगेच कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत वायरी बदलू नका.
• १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये आणि त्यावरील कारला २,००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून जातात.
• नो क्लेम बोनस (२० ते ५० टक्के) जातो. बिल छोटं असेल तर आधी हिशोब करा.
• नुकसान दिसत असूनही गाडी चालवली आणि आणखी बिघडली, तर वाढलेलं नुकसान नाकारलं जाऊ शकतं.

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बॅटरी काढून ठेवली तर उंदीर येणार नाहीत का?
येतील. फक्त शॉर्ट सर्किटचा धोका कमी होईल आणि बॅटरी उतरणार नाही.

मांजर पाळली तर?
सोसायटीतल्या मांजरींमुळे उंदीर सावध होतात, पण मांजर इंजिनच्या फटीत जाऊ शकत नाही. उलट थंडीत तीच ऊब घ्यायला बॉनेटखाली बसते. म्हणून सकाळी चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा.

तुटलेली वायर इन्सुलेशन टेपने जोडली तर चालेल?
गॅरेजपर्यंत जायलाही नको. एबीएस आणि एअरबॅगच्या वायरी तर कधीच नाही. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नीट जोडून घ्या.

थोडक्यात

गाडी हलवा, खाणं काढा, वाटा बंद करा, आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडा. या चार ओळींचा स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाका. घरातली एकुलती एक गाडी दुरुस्तीला गेली की आई-बाबांची दवाखान्याची वेळ, तुमचा क्लास, सगळंच अडतं. आणि ते उंदीर-पळवणारं ॲप फोनवर असेल तर आत्ताच अनइन्स्टॉल करा, निदान स्टोरेज तरी मोकळं होईल.